गेरूच्या खुणांचे दगड

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गावाकडच्या लग्नात किंवा पुण्यातल्या आपल्या लोकांत वेशीवरच्या पडलेल्या बुरजाचा विषय निघाला, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. आता गुडघे पटकन उठू देत नाहीत, म्हणून बसून लिहितो. गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडलंत त्यांच्यासाठीही.

मी निघालो त्या सकाळी थोरला भाऊ, आमचा दादा, धारूरच्या स्टँडवर सोडायला आला होता. ट्रंक त्यानंच डोक्यावर घेतली. मला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती. एसटी हलली तसा तो खिडकीशी आला नि म्हणाला, "जा बाळ्या. तुझं तरी नाव चांगलं ऱ्हाऊ दे." त्याचं नाव तेव्हा गावानं टाकलं होतं. कुणामुळे, ते मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

पुण्यात संसार झाला, फ्लॅट झाला. लेक सुनंदा शिकून जपानला गेली. यंदा तिनं हट्टानं बोलावून घेतलं आणि एका रविवारी तिच्या शहरातला जुना किल्ला दाखवायला नेलं. मला वाटलं, धारूरचा किल्ला पाहिलेल्याला आणखी काय बघायचं! पण पुलावर पाय ठेवला आणि थांबलोच. खाली खंदक काठोकाठ भरलेला, त्यात पांढऱ्या भिंतींचं आणि काळ्या कौलांचं प्रतिबिंब. तटाची भिंत पायथ्याशी पसरलेली आणि वर जाता जाता उभी होत गेलेली; चुना नाही, माती नाही, दगड दगडात बसलेला. आत जाताना जोडे काढून हातात घ्यायचे. लाकडी जमीन इतक्या पायांनी घासली गेलेली, की देवघरातल्या पाटासारखी गुळगुळीत. जिना उभा होता. एक जपानी आजोबा माझ्यापुढं चढत होते. दर वळणावर मागं बघून ते हसायचे, मी हसायचो. तेवढीच आमची भाषा.

बाहेर मोठी बाग आहे. फुललेल्या झाडांखाली माणसं चटया टाकून डबे उघडून बसली होती, तरी कुठं कागदाचा कपटा नाही. एका म्हाताऱ्या झाडाच्या फांद्यांना खालून लाकडी टेकू दिले होते आणि फांदीला खरचटू नये म्हणून टेकूच्या तोंडाला दोरी गुंडाळली होती. एवढी निगा आपल्याकडं फक्त दुभत्या म्हशीची राखतात.

मग बागेच्या टोकाला आलो. मोकळ्या मैदानात दगड ओळीनं मांडून ठेवले होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. सुनंदानं पाटी वाचली. "भूकंपात तटाचा हा भाग पडला, बाबा. जुने फोटो बघून कुठला दगड कुठं होता ते शोधतात आणि जिथला तिथं बसवतात. अजून कित्येक वर्षं लागतील म्हणे."

आमच्या वेशीवरचा बुरूज असाच एका पावसाळ्यात ढासळला होता. पोळ्याला गावचे बैल त्याच्याखाली जमायचे आणि मानाचा बैल आमच्या घरचा, दादाच्या हातचा. दादानं पडलेला एकेक दगड ओळखून त्यावर गेरूनं खूण केली. कितवा थर, कितवी जागा. गंजी लावून ठेवली. सुगी झाली की सगळे मिळून रचू, असं ठरलं. सुगी झालीच नाही. पुढं दुष्काळ पडला. दादा गावचे बैल घेऊन कडा गावच्या चारा छावणीवर गेला. मी मजूर सोसायटीचा सचिव. आम्ही रस्त्याच्या खडीचं काम घेतलं होतं. खडी भरली तरच मजुरी निघायची, आणि डोंगरातला दगड ओढायला गावात एक बैल नव्हता. गंजी समोर होती. आपली माणसं तेव्हा लांब तलावाच्या कामावर होती. वडवणीकडून आलेल्या टोळीला मी सांगितलं, हेच फोडा.

पाऊस झाला. दादा बैल घेऊन परतला, तोवर टोळी निघून गेली होती. गावात बोलवा उठली, की छावणीवर जाण्याआधी दादानंच दगड विकले. त्यानं मला विचारलं, "बाळ्या, तू हितंच व्हतास की. कोनी फोडले रं?" मी म्हणालो, "मला न्हाई ठाऊक." त्या पोळ्याला मान दुसऱ्या घरी गेला. दादानं बैल सजवले आणि गोठ्यातच उभे ठेवले.

जपानच्या त्या मैदानात सुनंदानं त्याला फोन लावला, चित्र दिसणारा. दादा ओट्यावर बाजेवर बसलेला.

"काय बाळासायब, कुटं हुंदडायलास ह्या वयात?"

"किल्ला बघायलोय, दादा."

सुनंदानं फोन दगडांकडं वळवला आणि सगळं समजावून सांगितलं. तो बाजेवरून पुढं वाकला.

"पोरी, जरा जवळ धर," तो म्हणाला. मग हसू आलं त्याला. "त्यांचा पांढरा रंग, आपला गेरू व्हता. म्हंजी येडा मी एकलाच न्हवतो की."

"दादा, ते आपले दगड..." मी सुरुवात केली.

"ते ऱ्हाऊ दे. खंदकात पानी हाय का? बारा महिनं ऱ्हातं?"

"राहतं."

"लई नशीबवान लोक. आन् बैलं?"

"बैल नाहीत हो काका," सुनंदा हसली.

"मंग एवढं बांधून मिरवितेत कुनाला?"

आम्ही तिघंही हसलो. लेकीसमोर माझी जीभ रेटली नाही. म्हटलं, गावी जाऊन त्याच्या बाजेवर बसून सांगू. मी परतायच्या आतच दादा गेला.

परवा गावी गेलो. धारूरहून गाडी येते तो रस्ता आता डांबरी आहे. त्याच्या पोटात आमचा बुरूज आहे. माझा अपराध त्याच रस्त्यात पुरलेला आहे, आणि माझं घरही त्याच रस्त्याच्या टोकाला आहे. गावकऱ्यांनो, दादाचा मुलगा मधू अजून बैलजोडी राखून आहे. येत्या पोळ्याला मान त्याला परत द्या. हे पत्र पारावर वाचून दाखवा आणि वाचताना माझं नाव गाळू नका.

दादा, दगड मी फोडायला लावले. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं. स्टँडवर तू ट्रंक उतरवलीस तेव्हाही ठाऊक होतं. माझं चुकलं, दादा. मला माफ कर.