मशीनवर राहिलेलं अर्धं पान

नानांचा टाइपरायटर थांबला की मला घाम फुटायचा. वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांचं घर, वर आमचं. रविवारी सकाळी खाली माझ्या प्रबंधाची पानं टाइप होत असायची आणि वर मी कणीक मळताना सगळा कान खाली लावून बसलेली असायची. खडखडाट चालू म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला की दोन मिनिटांत हाक यायची, "बाई, जरा खाली येता का ओ?" मी पिठाचे हात तसेच घेऊन जिना उतरायची.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. वसाहत नवी, अर्ध्या बिल्डिंगा रिकाम्या, बाजार म्हणजे जेमतेम चार दुकानं. नाना मूळचे कोल्हापूरचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते स्टेनो होते आणि सुट्टीच्या दिवशी घरी लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायचे. लेखन कितीही रटाळ असो, मुद्दा कितीही लंगडा असो, नाना ब्र काढत नसत. पण मजकूर दुसऱ्याचा आणि खाली त्याचं नाव, पुस्तक, पान नंबर नाही, असं दिसलं की त्यांचे हात मांडीवर यायचे. "तुमचं मत चुकीचं असलं तरी मी बिनतक्रार टाइप करतो," ते म्हणायचे, "पण दुसऱ्याचं मत तुमचं म्हणून नाही करणार." पान नंबर नंतर देते म्हटलेलं तर बिलकुल चालायचं नाही. "मग मीपण नंतरच टाइप करतो की!"

त्यांची कामाची पद्धतच तशी होती. कागदामागे ते एक जाड पान लावायचे. त्याच्या कडेला पेन्सिलीनं उलटे आकडे लिहिलेले, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस असे खाली उतरत जाणारे. त्यावरून पानावर किती ओळी उरल्या ते त्यांना कळायचं आणि तळटिपेला लागेल तेवढी जागा ते आधीच राखायचे. एक टीप विसरली की अख्खं पान बाद, खालच्या तीन कार्बन प्रतींसकट. आमच्या बिल्डिंगमधले लोक त्यांना पाठीमागे 'तळटीप नाना' म्हणायचे. नानांना ते ठाऊक होतं. एवढंच नाही, हे नाव पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांनी ठेवलं, हेसुद्धा ते आवर्जून सांगायचे.

हा माणूस साधा विनोद सांगू शकत नसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे कंटाळले की नाना उठायचे आणि सुरुवात करायचे, "हा विनोद माझा नाही. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरनं सांगितला, त्याला त्याच्या मेव्हण्यानं." तोवर निम्मे लोक चपला शोधायला लागलेले असायचे. घरी काकूंनी एखादी नवीन चटणी केली आणि पाहुण्यांनी वाहवा केली, की नाना तत्परतेनं सांगायचे, "समोरच्या देसाईवहिनींची आहे." काकू वैतागायच्या. "अहो, वाटली तर मी ना!" "वाटलीस तू. त्याचं श्रेय तुला आहेच की," नाना म्हणायचे आणि आणखी चटणी वाढून घ्यायचे.

माझा विषय होता खाडीकाठची मिठागरं आणि ती बंद झाल्यावर तिथल्या लोकांचे झालेले हाल. त्यासाठी मी खाडीकाठच्या तळवली गावाला खूपदा गेले होते. तिथल्या एका म्हातारबाईंनी मला मिठाचे वाफे कसे राखतात ते सगळं समजावलं होतं आणि मी झोकात लिहिलं होतं, 'एका ग्रामस्थ महिलेने सांगितले'. नाना थांबले. "या महिलेला नाव नाही का ओ?" मी म्हटलं, अहो, पुस्तक नाही ते, तोंडी माहिती आहे. "पुस्तकवाल्याचं नाव घालता आणि हिचं नाही? तिनं फुकट सांगितलं म्हणून?" मला लाज वाटली. बसनं पुन्हा तळवलीला गेले, पूर्ण नाव लिहायचं का म्हणून विचारलं. म्हातारी खुदकन हसली. "लिव की. मी काय कुटं पलून चाल्ली हाय?" तिचं नाव, गाव, भेटीची तारीख, सगळं प्रबंधात तळाला गेलं.

इथवर ठीक होतं. चौथ्या प्रकरणाला मात्र आमचं वाजलं. पुढच्या शनिवारी चार प्रती द्यायच्या होत्या. कॉलेजातली माझी नोकरी हंगामी होती. एम.फिल. झालं तर कायम, नाही तर जूनमध्ये नारळ. घराचे हप्ते आम्हा दोघांच्या पगारावर चालायचे. अशात रविवारी खालचा आवाज थांबला.

"बाई, हे कुणाचं?" नानांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. 'मिठागर मोडते तेव्हा आधी बांध फुटतो, मग वस्ती.' माझं सगळ्यात आवडतं वाक्य! नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं होतं आणि शाबासकी घेतली होती.

"कुणाचं म्हणजे? माझं."

"नसणार. हे मी आधी टाइप केलंय. तीन वर्षं झाली, एका प्राध्यापकांच्या प्रबंधात. मी कुणाची प्रत ठेवत नाही, पण हात विसरत नाहीत ओ."

मी मशीनकडे बघितलं. अर्ध्या पानावर नानांनी त्या वाक्याआधी अवतरणचिन्ह उघडलं होतं. मला न विचारता! माझं डोकंच फिरलं. "नाना, उन्हातान्हात गावोगाव पायपीट मी केलीय. तुम्ही मला चोर म्हणताय?"

"चोर नाही म्हणत. विचारतोय."

"द्या माझे कागद. ठाण्यात टाइपिस्टांचा दुष्काळ पडलेला नाही."

त्यांनी मुकाट्यानं गठ्ठा माझ्या हातात दिला. "हे अर्धं पान तेवढं मशीनवर ठेवतो," ते म्हणाले. "एकदा काढलं की ओळ परत जुळत नाही."

मी पाय आपटत वर आले आणि त्यांना खोटं पाडायलाच माझ्या वह्या उपसल्या. तिसऱ्या वहीत ते सापडलं. पेन्सिलीनं उतरवलेला अख्खा परिच्छेद, ना अवतरणचिन्ह, ना नाव. मग सगळं आठवलं. लायब्ररी बंद व्हायची घंटा झाली होती, पान नंबर उद्या येऊन घेऊ म्हणून मी उठले होते आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला गोवर निघाला. वर्षभरानं वही उघडली तेव्हा अक्षर माझं, वही माझी, म्हणून वाक्यही मी माझंच धरलं. बाई गं!

सोमवारी रजा टाकून खाडीपूल ओलांडून मुंबईला त्या लायब्ररीत गेले. तो प्रबंध मिळाला. तेच वाक्य, तोच परिच्छेद, आणि आणखी दोन ठिकाणी माझ्या 'स्वतःच्या' ओळी. सगळे पान नंबर एका चिठ्ठीवर उतरवून घेतले.

संध्याकाळी नानांच्या दारात उभी राहिले तर टाइपरायटरवर टॉवेल झाकलेला. काकू म्हणाल्या, "सोसायटीच्या अहवालाचं काम परत पाठवलं यांनी. मशीन अडकलंय म्हणाले." मी ती चिठ्ठी आणि कागदांचा गठ्ठा पुढे केला. नानांनी चष्मा लावला, टॉवेल काढला आणि त्या अर्ध्या पानावर पुढची ओळ टाइप करायला घेतली. "खाली तीन ओळी राखल्यात," एवढंच म्हणाले, "पुरतात ना?" चारही प्रती शुक्रवारी बांधून तयार होत्या.

नाना आता नाहीत. निवृत्त होऊन ते कोल्हापूरला गेले आणि तिथेच वारले. मी पुढे त्याच कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, शेकडो मुलांच्या वह्यांत लाल पेनानं पान नंबर मागितले, शिव्याही खाल्ल्या असतील. पण नाना म्हटलं की मला माझ्या तोंडी परीक्षेचा दिवसच आठवतो.

बाहेरून आलेल्या परीक्षकांचं नाव ऐकलं आणि मी मनातल्या मनात चौथ्या प्रकरणाच्या तळटिपा मोजायला लागले. तो लायब्ररीतला प्रबंध त्यांचाच होता. मिठागरांवर लिहिणारी माणसं इनमिन दोन-तीन, त्यातलं कुणीतरी येणार हे मला आधी कळायला हवं होतं. त्यांनी सरळ चौथं प्रकरण उघडलं. ते वाक्य वाचलं. मग नजर पानाच्या तळाशी गेली. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच केलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "माझा प्रबंध इतक्या बारकाईनं कुणी वाचला असेल असं वाटलं नव्हतं." हुश्श! बाकीचे प्रश्न काय होते, देव जाणे. मी उत्तरं दिली आणि पास झाले.

पेढे घेऊन घरी न जाता थेट खाली गेले. कामाचा दिवस होता, तरी नाना दारातच उभे. कारखान्यात रजा टाकून सकाळपासून तिथंच घुटमळताहेत, काकूंनी सांगितलं. मी म्हटलं, "झालं, नाना. सुटले! परीक्षक म्हणून तेच आले होते, ते प्राध्यापक." काय काय घडलं ते सांगितलं. नाना मटकन खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"इथं यायच्या आधी परळला राहायचो तेव्हा एका मास्तरांचा प्रबंध टाइप केला होता," ते म्हणाले. "त्यातली दोन पानं ओळखीची निघाली. माझं काय जातंय, म्हणून बोललो नाही. पकडले गेले ते. पदवी नाही, नोकरी गेली, सामान बांधून गावी गेले. चांगला माणूस होता ओ. तुमच्यासारखंच वहीतनं झालं असणार. मी एक शब्द विचारला असता तर वाचला असता."

काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग पुडा उघडून एक पेढा काकूंना दिला, एक स्वतः घेतला.

"आज झोप लागंल बघा, बाई," ते म्हणाले.