मी न दिलेली साथ

बायको गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात पावणे एमआयडीसीतल्या तिच्या कारखान्यातून एक बाई घरी आल्या. शोकसभेसाठी तिच्या आयुष्यावर पुस्तिका काढायची होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला, माथाडींच्या खोलीत राहायचो.

लग्नात ती अकरावी पास, मी चौथी. पुढं ती केमिस्ट्रीची डॉक्टर झाली. कारखान्यात एक औषध करताना डांबरासारखा चिकट गाळ व्हायचा, सगळा माल वाया. मोठमोठ्या साहेबांनी हात टेकले. हिनं सात महिने कधी थंड कर, कधी गरम कर, चंबूची आतली बाजू काचेच्या कांडीनं खरवड, असं करत त्यातून शुद्ध औषधाचे पांढरेशुभ्र खडे पाडले. आधी कुणाला जमलं नव्हतं ते.

हे सगळं बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची साथ होती म्हणून जमलं, नाही का?"

"कसली साथ? त्या सात महिन्यांत तिला सुखाचा घास खाऊ दिला नाही मी. कारखान्यातल्या रसायनांनी साडीला सडक्या मासळीचा वास यायचा. आधी मोरीत जा, मग स्टोला हात लाव, म्हणायचो. तांदळातले खडे निवड म्हणालो, तर म्हणाली, 'ते झाले निवडून, अहो. आता पाडतेय.' तेव्हा तिची वही जिन्यात भिरकावली. मी स्वतः एपीएमसीच्या बाजारात कांद्याची पोती वाहायचो. माझ्या अंगाच्या वासाचा विषय तिनं कधी काढला नाही. हे लिहा."

बाई हसल्या. "काका, असं कुठं छापतात का?"

"मग साथबिथ पण छापू नका."

छापलंच. खड्यांवर एक ओळ आणि 'पतीची खंबीर साथ' अर्धं पान. टाळकंच फिरलं. तिनं एकटीनं ओढलेलं माझ्या नावावर कसं?

शोकसभेत मलाच पुकारलं, शाल-श्रीफळ घ्यायला. माइकवर खरं सांगायचं, असं ठरवूनच उठलो. साहेबांनी खांद्यावर शाल टाकली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. शोकसभेत टाळ्या! माइक तोंडासमोर होता. "मी तिला..." एवढंच म्हणालो. पुढं आवाज फुटेना. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. आणखी टाळ्या. मी नारळ घेतला आणि खाली उतरलो.