शरदकाकांच्या सात गिटारी

घरात वस्तू वाढल्या की माणूस माळा बांधतो. किस्से वाढले की काय करायचं, ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे दोन्ही एकाच माणसामुळे वाढले: शरदकाका. रेल्वेतून रिटायर, चौबे कॉलोनीत मुक्काम, आणि वाजवतात जॅझ! रायपूरमध्ये! सात गिटारी, तीन ॲम्प. कायमचे श्रोते चार, त्यातली एक मी.

मीही गिटार वाजवते. सदर बाजारातून घेतलेली. काकांनी ती एकदाच हातात घेतली आणि म्हणाले, "छान आहे. भिंतीवर टांग."

त्यांच्या गिटारींना हात लावायचा नाही.

"काहून पण?"

"पोट्टीच्या हातात वजन नाही राहत."

त्याच सकाळी गॅसचं सिलिंडर मीच आत आणलं होतं. काका दार धरून उभे होते.

*

सर्वांत जुना ॲम्प व्हॉल्व्हचा. वाजवताना चांगला तापतो. एका जानेवारीत काकूने विरजण लावून पातेलं त्याच्यावर ठेवलं.

"अवं, ॲम्प आहे तो!" काका ओरडले.

"माहीत आहे. जरा हळू वाजवा, दही हलून राहिलं."

त्या हिवाळ्यात काकांनी फक्त संथ गाणी वाजवली.

*

राज्य नवीन होतं, मी शाळेत होते. रायपूर राजधानी झाल्यापासून रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन. ब्राह्मणपाऱ्यात एका नेत्याच्या सभेत माईक बंद पडला, तेव्हा कार्यकर्त्यांनी काकांचा ॲम्प उचलून नेला. काका मागोमाग. एकोचं बटण चालूच राहिलं.

नेते म्हणाले, "सड़क बनेगी!"

ॲम्प म्हणाला, "बनेगी... बनेगी..."

काका बटण बंद करायला धावले. नेत्यांनी त्यांचा हात धरला. "रहने दो भैया, अच्छा लग रहा है."

रस्ता तीनदा जाहीर झाला. बनला एकदाही नाही.

*

कार्यक्रमाला काका सातही गिटारी नेतात. दोन ऑटो लागतात. वाजवतात एकच.

"मग बाकीच्या काहून नेता?"

"एकीलेच नेलं तर बाकीच्याईले वाईट वाटते."

माणसांच्या बाबतीत त्यांना ही अडचण कधी आली नाही.

*

यंदा त्यांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकेनासं झालं. "थंडीनं," काका म्हणाले. मे महिना होता. रायपूरचा.

डॉक्टरकडे जायला तयार नाहीत आणि आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधला कार्यक्रम सोडायलाही तयार नाहीत. "मी वाजवते," म्हटलं तर हसले. "तुले जमत असतं तर मी शिकवलं नसतं काय?"

शिकवा म्हणून मी सहा वर्षं मागे लागले होते!

कार्यक्रमाला पन्नासेक लोक आले. काकांनी सगळ्यात मोठी, पोकळ पोटाची गिटार मांडीवर घेतली. पहिला कॉर्ड धरला. बोट वाकलं नाही. पुन्हा धरला. हॉल वाट बघत होता.

काका माईककडे झुकले. "जरा साऊंड चेक करायचा आहे. ए पोट्टी, इकडे ये."

मी स्टेजवर गेले. त्यांनी गिटार माझ्या हातात दिली, खाली उतरले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी वाजवायला लागले. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. काका डोळे मिटून पायाने ठेका धरत होते.

मी तार जुळवायला थांबले, तेव्हा त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "भाऊ, कार्यक्रम कधी सुरू होऊन राहिला?"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"थांबा ना. चेकिंग चालू आहे."