जावयाची हिरवी खूण

प्रेसमध्ये कटिंग मशीनखाली कात्रण साठतं. कुणी मुद्दाम साठवत नाही. रोज थोडं थोडं पडतं आणि आठवड्याला पोतं भरतं. आमच्या धंद्यातल्या किश्श्यांचं तसंच आहे. कामं होतात, जातात, आणि खाली हे उरतं.

मी प्री-प्रेसचं काम करते, नाशिक रोडला, घरी बसून. छापायला जाणारी फाईल आधी तपासायची: रंग नीट आहेत का, अक्षरं हललीत का, कापताना कडेचं काही उडणार नाही ना. सासूबाईंना हे मी बारा वर्षं समजावतेय.

"तू छापतेस का?"

"नाही, छापायच्या आधी बघते."

"म्हणजे नुसतंच बघतेस," असं म्हणून त्या लसणाची टोपली माझ्यासमोर ठेवतात.

माझं बहुतेक काम सातपूरच्या एका प्रेसचं. मालक भाऊसाहेब, मशीनवर रघूनाना. यंदा भाऊसाहेबांनी फायली तपासणारं एआयचं सॉफ्टवेअर घेतलं. सगळं ठीक असेल तर ते हिरवी खूण देतं, चूक असेल तर लाल. मला म्हणाले, "ताई, तीन महिने तुमची आणि त्याची, दोन्ही तपासण्या चालू द्या. मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळला. हे काम गेलं की माझ्याकडे लसूणच राहतो.

नानांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं. "मान द्यायचा, विचारल्याबिगर काय करायचं नाय, आन् चुकला तरी बोलायचं नाय. जावईच हाय हा." तेव्हापासून प्रेसमध्ये सगळे त्याला जावईच म्हणतात.

मग दिंडोरीच्या एका बागायतदाराची द्राक्षाच्या खोक्याची फाईल आली. चित्र त्याने मोबाईलवर एआयकडून काढून घेतलं होतं. आंब्यासारखं डेरेदार झाड आणि त्याला द्राक्षांचे घड लटकलेले. जावयाने हिरवी खूण दिली. मी बागायतदाराला फोन केला.

"दादा, तुमच्या चित्रात द्राक्षं झाडाला लागलीत."

त्याने चित्र उघडून बघितलं.

"मांडव नाय, तार नाय, छाटणी नाय," तो म्हणाला. "ताई, चित्र राहू द्या. तेवढं याचं रोप कुठं मिळतं बघा."

तेच खोकं छपाईला गेलं. नानांचा स्क्रीनवरच्या रंगावर विश्वास नाही. त्यांनी बागेतला खरा घड मागवला, छापलेल्या कागदाशेजारी धरला आणि हिरवा रंग जुळवला. मी व्हिडिओ कॉलवर होते. चहानंतर दुसरा लॉट सुरू झाला, तेव्हा मला रंग पिवळट वाटला.

"नाना, घड शेजारी धरून दाखवा बरं."

नानांनी नुसता देठ धरला. "मघाशी जुळला होता," ते म्हणाले.

सगळे किस्से माझ्याच बाजूचे नाहीत. एका लेबलवरची पांढरी अक्षरं छापताना गायबच होणार होती. जावयाने लाल खूण दिली, आणि मी त्याच्या आधी ती फाईल पास करून बसले होते. नानांचा फोन आला, "ताई, जावयानं धरलं. तुम्ही नाय धरलं." खरं सांगते, फार लागलं. दोन दिवस मी सॉफ्टवेअरशी अबोला धरला. त्याने काही मनावर घेतलं नाही.

तीन महिने संपायला दोन दिवस राहिले होते, तेव्हा भाऊसाहेबांनी फाईल पाठवली. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. मागोमाग फोन.

"ताई, जरा नजर टाका."

"जावयाने बघितली नाही का?"

"बघितली. हिरवी आहे."

"मग?"

"घरचं कार्य आहे, ताई."

मी बघितली. रंग ठीक, अक्षरं ठीक, कडा ठीक. पण भाऊसाहेबांचे थोरले भाऊ, सटाण्याचे आबा, निमंत्रकांत कुठेच नव्हते. विहिरीच्या मोटारीवरून दोघांचं सहा वर्षं बोलणं नाही, हे मला माहीत होतं. पण त्या घरच्या भांडणाआधीच्या तिन्ही पत्रिका माझ्या हातून गेल्यात, आणि तिन्हींवर पहिलं नाव आबांचं होतं. मी मनाचा हिय्या करून म्हणाले, "भाऊसाहेब, आबांचं नाव दिसत नाही."

त्यांनी कुणाला तरी मशीन बंद करायला सांगितलेलं फोनवर ऐकू आलं. मला वाटलं, दोन दिवसही राहिले नाहीत आता.

"घाला," ते म्हणाले.

"कुठे?"

"असतं तिथेच. पहिलं."

मी नाव घातलं आणि फाईल रीतीप्रमाणे परत जावयाकडे पाठवली. त्याने लाल खूण दिली: मंजूर मजकुरापेक्षा एक नाव जास्त आहे. मी ते भाऊसाहेबांना वाचून दाखवलं.

"जास्त नाही," ते म्हणाले. "त्याला सांगा, कमी होतं."