शहागडच्या जीपचा ड्रेन प्लग

गोदावरीला पूर आला आणि आमच्या कंपनीची एक तुकडी शहागडला पाठवण्यात आली. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा जालना जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळा भाग औरंगाबादलाच जोडलेला होता. तुकडीत चौदा जवान, दोन बोटी, एक तीन टनी ट्रक, एक वायरलेस सेट आणि एक जीप. मी नायक होतो, कामानं व्हेईकल मेकॅनिक. मुक्काम नदीपासून उंचावर असलेल्या शाळेत.

बाकीच्यांना ही पोस्टिंग म्हणजे चिखल आणि डास. मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. माझं गाव जांब समर्थच्या अलीकडे. नऊ वर्षांच्या नोकरीत सरकारनं मला पहिल्यांदाच घराच्या दिशेनं पाठवलं होतं, आणि घरी माझी मुलगी बारा दिवसांची झाली होती. मी तिला पाहिलं नव्हतं.

तुकडीत माझ्याच मुलखातला आणखी एक जण होता, लान्स नायक मिलिंद साळवे. अंबडजवळच्या खेड्यातला. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. साळवे ड्रायव्हर होता आणि बोटही चालवायचा. मला कदम दादा म्हणायचा. आम्ही दोघं आपल्या भाषेत बोलायला लागलो की पंजाबी हवालदार वैतागून उठून जायचा.

आता जीपबद्दल. महायुद्धाच्या काळातली जीप होती ती. हल्ली अशा जीपला लोक क्लासिक म्हणतात, पॉलिश मारून वरातीत फिरवतात. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. स्टार्टर मूडवर चालायचा. ऑइल प्रेशरचा काटा तर मी युनिटमध्ये येण्याच्या आधीपासूनच मेलेला. त्यामुळे इंजिनात ऑइल किती आहे हे कळायला एकच साधन होतं, डिपस्टिक.

तुम्हा सिव्हिलियन मंडळींना हे काम सोपं वाटतं. कांडी ओढली, पाहिली, परत घातली. तसं नाही. गाडी सपाट जागेवर हवी. उतारावर उभी असेल तर कांडी खोटं बोलते. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली सम्पमध्ये, इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरतं. मग कांडी पुसून एकदा घालायची आणि दुसऱ्यांदा काढून बघायची. ऑइल बदलायचं असेल तर इंजिन आधी गरम करायचं, खालचा ड्रेन प्लग काढायचा, काळं ऑइल पूर्ण गळू द्यायचं, प्लग लावायचा, पान्यानं कसायचा, मग नवं ओतायचं. इंजिन पाच मिनिटं चालवायचं. खाली वाकून गळती बघायची. बंद करून पुन्हा कांडी. हे सगळं झाल्यावर गाडीच्या लॉगबुकात दोन सह्या. पहिली काम करणाऱ्याची, दुसरी चेकरची.

त्या मुक्कामात चेकर साळवे होता. तो चेकर असला की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. जीपखाली स्वतः आडवा झाल्याशिवाय तो खिशातून पेन काढायचा नाही. एकदा मी म्हणालो, "साळव्या, तुला माझा भरवसा न्हाई का?"

तो म्हणाला, "भरवसा हाय दादा. पण सही माझी हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं. "कदम, जीप का ऑइल आज ही बदल दो. शाम तक ओके रिपोर्ट."

साडेअकराला मी कामाला लागलो. जुनं ऑइल डांबरासारखं निघालं. प्लग हातानं फिरवून बसवला. कसायला पाना हवा होता, तो बोटीच्या मोटरवाल्यानं नेला होता. मी म्हटलं, पाना आला की कसू, तोवर ऑइल तरी ओतून घेऊ. ओतलं. कांडी बघितली. लेव्हल फुल.

तेवढ्यात कॅप्टन साहेब शाळेच्या व्हरांड्यात आले. धान्य घेऊन आलेला एक टेम्पो जांबच्या बाजूला परत निघाला होता. साहेबांना माझ्या मुलीबद्दल हवालदारानं सांगितलं होतं. "जाओ, देख के आओ. बीस सौ बजे तक वापस." म्हणजे रात्री आठपर्यंत. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. एक वाजायला दहा मिनिटं कमी होती.

मी हात पुसले, माझी सही ठोकली आणि लॉगबुक साळवेकडे दिलं. तो जीपकडे निघाला.

"प्लग कसला ना दादा?"

"कसलाय. तू सही कर. टेम्पो चाललाय."

तो थांबला. एकदा जीपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हसला आणि उभ्या उभ्या सही केली. "जा जल्दी. पोरगी कोणावर गेली ते बघून ये."

प्लग कसायचा राहिलाय हे तेव्हा मला आठवत होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. विसरलो म्हणणं सोयीचं होतं, आणि बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. खरं म्हणजे मला चांगलं आठवत होतं. मी हिशेब केला की जीप आज कुठे जाणार नाही, संध्याकाळी परत आलो की दोन मिनिटांचं काम आहे.

मुलगी पाहिली. तिनं माझं बोट धरलं. पावणेआठला शहागडला परतलो तेव्हा पाऊस झोडपत होता. जीपखालच्या चिखलात कोण झोपणार, सकाळी कसू, असं म्हणून मी आत गेलो. सकाळी पाच वाजता बोटीची मोटर बंद पडली म्हणून मला थेट काठावर पळवलं. प्लग तसाच.

आठ पाचला सेटवर आवाज आला. दुसरी बोट नदीपलीकडच्या वस्तीवरून माणसं आणत होती.

"बेस, बोट दोन. कॅज्युअल्टी एक. जवान. ओव्हर."

"बोट दोन, नाम बताओ. ओव्हर."

"लान्स नायक साळवे. ओव्हर."

वाहत आलेल्या झाडाचं खोड बोटीवर आदळलं होतं. एक म्हातारी आणि तिची सून बोटीच्या कडेला होत्या. साळवे मध्ये आला आणि खोडाचा मार त्याच्या पोटावर बसला. बाहेरून जखम नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि कॅप्टन साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, "आत रक्त चाललंय. इथं काही होणार नाही. जालन्याला न्या, बिलकुल उशीर करू नका."

ट्रक पहाटेच डिझेल आणायला गेला होता. जीप मीच काढली. साळवेला मागे आडवं केलं, एक शिपाई त्याचं डोकं धरून बसला. निघालो तेव्हा आठ पस्तीस झाले होते. त्या धांदलीत कांडी बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

वडीगोद्री मागे पडली. रस्ता खड्ड्यांनी भरलेला, तरी मी जमेल तेवढी दामटत होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढेपर्यंत ते जागेवर जाम झालं. जीप थांबली.

मी खाली वाकलो. सम्प तेलकट होता आणि प्लगच्या जागी भोक होतं. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो फिरत फिरत निघून पडला होता.

साळवे शुद्धीवर होता. ड्रायव्हर माणूस, त्याला आवाजावरूनच कळलं.

"ऑइल का, दादा?"

"हो."

"प्लग?"

"हो."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मी बघाया पायजे होतं."

त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. साळव्या, तुझी चूक न्हाई, मी तुझ्याशी खोटं बोललो. बाजूला शिपाई बसला होता. मी उठलो. रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, कुणी येतंय का बघायला.

पुलावर पाणी होतं, त्यामुळे हायवेला वाहनच नव्हतं. पंचावन्न मिनिटांनी एक ट्रक आला. अंबडच्या पुढे, अकरा वाजून वीस मिनिटांनी, साळवे गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?" ते रागानं बोलले नव्हते. त्यांना रजिस्टरमध्ये वेळ लिहायची होती.

महिन्याभरात कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. मेजर साहेबांनी लॉगबुक माझ्यासमोर ठेवलं.

"ड्रेन प्लग तुमने टाइट किया था?"

"येस सर."

"चेकर?"

"लान्स नायक साळवे, सर."

निष्कर्ष निघाला की प्लग सैल राहिला, काम करणाऱ्याचं म्हणणं की त्यानं कसला होता, आणि चेकरनं तपासणीत निष्काळजीपणा केला. चेकर मयत, पुढील कारवाई नाही. माझ्या हातावरच्या नायकपदाच्या दोन फिती शाबूत राहिल्या. मला रात्री झोप लागत होती, हेही सांगून टाकतो. झोप उडाली असती तर मी जरा बरा माणूस ठरलो असतो.

पाच महिन्यांनी ॲन्युअल लीव्ह मिळाली. घरी एक दिवस राहिलो आणि साळवेच्या गावी गेलो. सांत्वन करायचं, फोटोला हार घालायचा आणि निघायचं, एवढंच ठरवून गेलो होतो. गुरुजी ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली आणि आतून एक कागद आणला. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसचा, इंग्रजीतला.

"मी डिक्शनरी घेऊन वाचला," ते म्हणाले. "निष्काळजीपणा असं लिहिलंय. बराबर हाय का?"

मी कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

गुरुजी म्हणाले, "आमच्या बापजाद्यांचे अंगठे लोकांनी कशाकशावर घेतले हे मला ठाऊक हाय. म्हणून घरात एकच कायदा केल्ता. बघितल्याशिवाय सही न्हाई. मिलिंद तो मोडणारा न्हवता. कागद आल्यापासून मी हाच विचार करून राह्यलो. तुम्ही तिथं होता. सांगा."

मी सांगितलं. पाना, टेम्पो, माझी मुलगी, "कसलाय, तू सही कर", सगळं. मेजर साहेबांना दिलेलं उत्तरही सांगितलं.  रडायचा हक्क त्या ओट्यावर माझा नव्हता.

गुरुजींनी शिव्या दिल्या नाहीत. कागदाची घडी घातली.

"त्याची आई म्हणायची, हे खोटं हाय. माझं लेकरू न बघता सही करणारच न्हाई, कुणीतरी त्याला करायला लावली असल," ते म्हणाले. "तिला वाचता येत न्हवतं. मी तिला रागावलो. म्हणलं, सरकारी कागद हाय, छापलेलं हाय, तुला काय कळतं. रोज हेच चालायचं. मंग ती बोलायचीच बंद झाली."

मी विचारलं, "आई कुठं हायेत?"

"मागच्या महिन्यात गेली."

त्यांनी शाळेच्या वहीतली दोन पानं आणि दौत-टाक माझ्यासमोर ठेवले. "लिहून द्या. मराठीत लिहा, म्हणजे मला वाचता येईल."

मी लिहिलं, खाली नंबर, रँक आणि नाव घालून सही केली. एक प्रत त्यांना, एक कमांडिंग ऑफिसरना. पुढे माझ्या दोन्ही फिती उतरल्या आणि मी शिपाई म्हणूनच घरी आलो. त्याबद्दल तक्रार नाही. साळवेच्या कागदावरचा तो शब्द खोडला गेला, तसं पत्र गुरुजींना आलं.

लान्स नायक मिलिंद साळवे, वय सव्वीस. गोदावरीच्या पुरात त्यानं एका म्हातारीला आणि तिच्या सुनेला वाचवलं. नोकरीत त्यानं न बघता एकच सही केली, ती माझ्या शब्दावर. मी गुरुजींना सांगेपर्यंत हे तिघांनाच ठाऊक होतं. तो स्वतः, मी, आणि त्याची निरक्षर आई, जिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी एक महिना आधी गेलो असतो, तर तिचा नवरा तिला म्हणाला असता की तुझंच खरं होतं.