बुटातलं फेल्ट

गाडीत पाय ठेवतो तिथे गालिचा असतो आणि गालिच्याखाली आणखी एक जाड, करडा, केसाळ थर असतो. गाडी घेणाऱ्याला तो कधी दिसत नाही. चाकणला असे थर बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रेसवर हेल्पर होतो. जुने कपडे फाडायचे, पिंजायचे, सुयांच्या यंत्राखाली ठोकायचे, की त्यांचं फेल्ट होतं. कापताना उरलेले तुकडे भंगारवाला न्यायचा. मी भंगारवाल्याच्या आधी पोहोचायला लागलो आणि तिथून माझा धंदा सुरू झाला. आता भोसरीत माझी पत्र्याची शेड आहे. तिथे मी बुटात घालायचे फेल्टचे सोल कापतो. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही, त्यामुळे माझ्या हातचं कुणी उचललं की मला ते लागतं.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चाकणजवळचं एक कोल्ड स्टोरेज. मटार, आइस्क्रीम, कोंबडी. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत उणे अठरा असतं आणि माणसं जाड जाकीट आणि गमबूट घालून खोकी उचलत असतात. जाकिटं दुसरा कुणी पुरवतो, बुटातले सोल माझे.

एकदा तिथल्या खरेदीच्या साहेबांचा फोन आला. "शेठ, लोकांचे पाय गार पडतायत. तुमचं फेल्ट पातळ आहे. जाड द्या."

जाड माल म्हणजे जादा दर. हो म्हणून मोकळा झालो असतो तर मला कुणी दोष दिला नसता. पण जाड देऊनही पाय गारच राहिले असते तर? चंदेरी फोमचे सोल विकणारा एक जण मी दर खेपेला त्यांच्या केबिनबाहेर बसलेला बघत होतो. पुढची ऑर्डर त्याच्या घशात गेली असती. म्हणून मी स्वतः बघायला गेलो.

फ्रीजरच्या दाराशी एक लोडर बसला होता, परभणीकडचा. त्याला बूट काढायला लावला. आत दोन-दोन मोजे, आणि मोज्याची वीण त्याच्या पायावर उठलेली. माझा सोल टाचेखाली पापडासारखा चपटा झाला होता.

"कितवा नंबर?"

"आठ."

"कायम आठच?"

"लग्नातबी आठच व्हता, मालक."

साहेब मागे उभे होते. त्यांना मी समजावून सांगितलं. फेल्टमध्ये स्वतःची ऊब नसते. त्याच्या केसांत हवा अडकते आणि ती हवा गारठा अडवते. फेल्ट दाबलं की हवा गेली. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्तही नीट फिरत नाही. त्यात आणखी जाड सोल घातला तर बूट आणखी घट्ट होणार. माल तोच ठेवा, बूट एक नंबर मोठा द्या आणि मोजा एकच. नऊ आणि दहा नंबरचे बूट त्यांच्या स्टोअरमध्ये धूळ खात पडले होते, कारण रजिस्टरमध्ये ज्याचा जो नंबर लिहिलेला, त्याला तोच मिळायचा.

लोडरने नऊ नंबर चढवला आणि चार पावलं चालून बघितली. "बापाचा बूट घातल्यागत वाटतंय. पोरं हसतील."

"पाय झडला तर जास्त हसतील."

साहेबांनी मोबाइल काढला. मी एका हातात चपटा सोल आणि दुसऱ्या हातात नवा सोल धरला होता, त्याचा त्यांनी फोटो घेतला. जेवणाच्या सुट्टीत लोडर बाहेर आला. त्याने तिथेच बूट काढला आणि पायाची बोटं हलवून दाखवली. "आले, मालक. पाचीबी परत आले."

पुढच्या खेपेला गेटवर कायझेनचा बोर्ड बघितला. आमच्या पट्ट्यात प्रत्येक कंपनीत असा बोर्ड असतो. कुणी काही सुधारणा सुचवली की आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि सुचवणाऱ्याचा फोटो त्यावर लागतो. त्या महिन्याची सुधारणा होती, फ्रीजरमध्ये एक नंबर मोठे बूट. सुचवणारे, खरेदीचे साहेब, हातात प्रमाणपत्र घेऊन. आणि सोलांच्या फोटोत मनगटापर्यंत कापलेले माझे दोन हात. उजव्या हातात माझं तांब्याचं कडं स्पष्ट दिसत होतं.

मी सरळ केबिनमध्ये घुसलो. "हे हात कोणाचे?"

"अहो शेठ, बसा तरी. बोर्डावर फक्त एम्प्लॉयीचं नाव टाकता येतं. पॉलिसी आहे."

"हातांना पॉलिसी लागत नाही वाटतं?"

"चहा घेणार?"

"त्या लोडरचं तरी नाव टाकायचं. पाय त्याचे होते."

"तो कॉन्ट्रॅक्टवर आहे." मग त्याच सुरात म्हणाले, "आता सगळ्यांनाच नवे सोल लागणार. क्वांटिटी वाढतेय, तर दराचं बघा जरा."

मी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा आडवा झाला. दर कमी करणार नाही असं सांगून निघालो आणि थेट कासारवाडीला जाऊन रबरी शिक्का करायला टाकला. 'बूट एक नंबर मोठा घ्या', आणि त्याखाली माझं संपूर्ण नाव. बोर्डावर नाही तर नाही. प्रत्येक बुटात राहील.

शिक्का बघून बायको म्हणाली, "तुमचं नाव देवाचं आहे. पायाखाली कसं घालता?"

मी म्हणालो, धंद्यात असलं काही नसतं.

शिक्का मारलेला माल गेला आणि आठवडा व्हायच्या आत पुन्हा फोन आला. पाय गार पडतायत. मी तडक फ्रीजरच्या दारापाशी गेलो. तोच लोडर समोर आला. बूट नऊ नंबरचा, मोजा एकच, आत सोल नाही. तो त्याने जाकिटाच्या आतून, छातीपाशी ठेवलेला काढला.

"ह्येच्यावर पाय कसा ठिवू, मालक? पाप लागंल."

"अरे, ते माझं नाव आहे."

"तुमचं असू द्या. पण हाय तर त्येचंच."

"मग उलटा घाल."

"उलटा केला म्हून द्येव सरकतोय व्हय?"

बाकीच्यांचीही तीच गत. कुणी सोल लॉकरमध्ये तसबिरीशेजारी ठेवले होते. एकाने दोन्ही टोपीत घातले होते. तो म्हणाला, "डोस्कं लई गरम ऱ्हातंय ह्येनं. तुमचं ऱ्हातंय तसं." सगळे हसले. मी हसलो नाही.

साहेबही हसले नाहीत, आणि ते मला जास्त झोंबलं. शांतपणे म्हणाले, "लॉट परत घ्या. कोऱ्या सोलांचा द्या. आणि दराचं आपलं राहिलंय." बाहेर चंदेरी फोमवाला बसलेलाच होता. मी त्यांच्या दराला कबूल झालो. माझ्या कल्पनेवर त्यांचा फोटो, आणि माझ्या नावापायी माझाच दर खाली. हे मी विसरलेलो नाही.

परत आलेला लॉट शेडमध्ये पडून राहिला. बायको तो भंगारात देऊ देईना आणि कापूही देईना. तिचं म्हणणं, देवाच्या नावावर कातरी चालवायची नाही. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर मी सगळे सोल छपराच्या पत्र्याला आतून चिकटवले, एकाला एक लावून, शिक्का वरच्या बाजूला. नाव आता सगळ्यांच्या डोक्यावर होतं, तिची तक्रार मिटली. आणि शेड तापायची कमी झाली. गारठा अडवतं तेच फेल्ट उन्हाचा तापही अडवतं, हे मला माहीत होतं. माझ्याकडे सोल कापणाऱ्या माणसांना नवल वाटलं.

मे महिन्यात साहेब माझ्या शेडच्या ऑडिटला आले. बाहेरून घामाघूम होऊन आत आले, थबकले आणि वर बघितलं.

"हे काय लावलंय?"

"फेल्ट."

"बराच फरक पडतो की हो. आमच्या पॅकिंग शेडला हे..." बोलता बोलता त्यांचा हात खिशाकडे गेला.

"साहेब, फोन खिशातच राहू द्या."

"अहो, नुसता एक फोटो."

"फोटोचा दर वेगळा आहे. बोर्डावर अख्खा माणूस हवा. नुसते हात नकोत."

मी चेष्टा करतोय का, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून जोखलं. मग फोन परत खिशात गेला. "पॉलिसी नाही हो शेठ."

"मग तापू द्या पत्रा," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.