कॅथीड्रलमधला प्रसाद

रांजणगावच्या कंपनीनं मला वर्षभरासाठी इंग्लंडातल्या एका लहान शहरात पाठवलं होतं, तेव्हा वडील महिनाभर माझ्याकडे राहायला आले. सगळं आयुष्य यवतला काढलेले आप्पा तिथं माकडटोपी आणि माझं जाकीट घालून ऐटीत फिरत.

एका रविवारी त्यांना तिथलं नवं कॅथॉलिक कॅथीड्रल दाखवायला नेलं. गोल, काँक्रीटची इमारत.

"देऊळ कुठंय? ही तर साखर कारखान्याची टाकी वाटती," आप्पा म्हणाले.

आत प्रार्थना चालू होती. रंगीत काचांमधून सगळीकडे निळा उजेड पडलेला. आप्पांनी टोपी काढली, हात जोडले आणि मागच्या बाकावर शांत बसले. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात लोक रांगेनं पुढे निघाले. फादर एकेकाच्या तळहातावर छोटी पांढरी चकती ठेवत होते. आप्पा ताडकन उठले.

"प्रसाद हाय. चल."

"आप्पा, तो फक्त त्यांच्या धर्माच्या लोकांना देतात."

"प्रसादाला कवापासनं आधार कार्ड लागाया लागलं?"

मी जाकीट ओढेपर्यंत ते रांगेत शिरलेसुद्धा. नंबर आला तशी त्यांनी ओंजळ पुढे केली. फादरनी हळूच विचारलं, "कॅथॉलिक?"

"यवत," आप्पांनी ठणकावून सांगितलं.

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी हसून आप्पांच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला. आप्पांची ओंजळ तशीच. मागे रांग खोळंबलेली. शेवटी मी त्यांना दंडाला धरून बाजूला आणलं.

नंतर शेजारच्या हॉलमध्ये सगळ्यांना चहा होता. फादर मुद्दाम आमच्याकडे आले.

"ह्यांना इचार, एवढं मोठं देऊळ बांधलं आन् पाव्हण्याला रिकाम्या हातानं धाडता व्हय?"

मी इंग्रजीत सांगितलं, "वडिलांना काचा फार आवडल्या." फादर खूश. काचा कुणी केल्या, कशा बसवल्या, सगळं सांगत बसले. आप्पांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि स्वतःच तोंड उघडलं.

"फादर, नो प्रसाद. व्हाय?"

आता खरं सांगणं भागच होतं. ऐकून फादर इतके हसले की चहा बशीत सांडला. टेबलावरची बिस्किटांची प्लेट त्यांनी दोन्ही हातांनी आप्पांपुढे धरली. आप्पांनी एक बिस्कीट उचललं, कपाळाला लावलं आणि खाल्लं.

"माणूस चांगला हाय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी बी यिऊ म्हणावं. फकस्त चहात साखर वाढवा."

या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला.